थकणे आणि मोडणे : इंग्रजीतील एका शब्दसमूहाचा इतिहास

माणूस काम कसे करतो हे सांगणारे शब्द प्रत्येक भाषेत विपुल असतात. काम करता करता त्याचे बळ सरले म्हणजे त्याचे काय होते, हे सांगणाऱ्या शब्दांचा विचार त्या मानाने कमी होतो. शब्दार्थविज्ञानाच्या दृष्टीने मात्र हा दुसरा वर्ग अधिक उद्बोधक आहे. थकवा ही ज्याची त्यालाच जाणवणारी गोष्ट; ती दुसऱ्यास काढून दाखविता येत नाही. म्हणून तिला नाव देताना भाषा डोळ्यांना दिसणाऱ्या एखाद्या वस्तूचा आधार घेते : ढासळलेली भिंत, अडखळलेला घोडा, आटलेली विहीर, तुटलेला आस. कोणत्या काळी कोणती वस्तू लोकांच्या नजरेसमोर होती, हे त्या शब्दांवरून बऱ्याच अंशी ओळखता येते. प्रस्तुत लेखात इंग्रजी भाषेतील अशा काही शब्दांचा मागोवा घ्यावयाचा आहे. सर्व शब्दांची जंत्री देण्याचा हेतू नाही. ती कोणत्याही चांगल्या कोशात सापडेल. थकलेल्या माणसास जे नाव मिळते त्यावरून त्याला औषध मिळणार की दंड, हे पुष्कळदा ठरत आले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या शब्दांकडे वळावे ते मुख्यतः ह्या कारणासाठी.

प्रारंभ ‘ब्रेक’ ह्या धातूपासून करणे सोयीचे आहे. हा शब्द इंग्रजीचा घरचा, म्हणजे जर्मानिक कुळातला. लॅटिनमधील ‘फ्रांगेरे’ हे क्रियापद त्याचेच भावंड होय. त्यापासून आलेले ‘फ्रॅक्चर’ आणि ‘फ्रॅजाइल’ हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत, आणि दुर्बल प्रकृतीच्या माणसास लावला जाणारा ‘फ्रेल’ हा शब्दही फ्रेंचमधून त्याच वाटेने इंग्रजीत आला. आपल्या संस्कृत ‘भञ्ज्’ धातूचा ह्या कुटुंबाशी संबंध जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांना हमखास होतो. तो आवरावा. ‘भञ्ज्’मध्ये रकार नाही, आणि केवळ अर्थ जुळला म्हणून ध्वनिनियम बाजूला ठेवता येत नाहीत. ‘भञ्ज्’चे काय झाले हे पुढे पाहावयाचेच आहे.

माणसाच्या बाबतीत ‘ब्रेक’ प्रथम जोरात चालला तो व्यापारात. व्यापारी ‘मोडला’ म्हणजे त्याची देणी भागेनाशी झाली. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनियोच्या संबंधात हे क्रियापद ह्याच अर्थाने आले आहे. ‘बँकरप्ट’ हा शब्द इटालियन ‘बांका रोत्ता’ म्हणजे ‘मोडलेला बाक’ ह्यापासून फ्रेंचच्या द्वारे १६ व्या शतकात इंग्रजीत आला. दिवाळे निघालेल्या सराफाचा बाक लोक खरोखरच फोडून टाकीत, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती चित्तवेधक आहे, पण तिची गरज नाही. ‘मोडणे’ ह्याचा ‘व्यवहार बुडणे’ असा लाक्षणिक अर्थ इटालियनमध्ये आपोआप सिद्ध होतो. इंग्रजी रूपातील ‘प’ हा विद्वानांनी लॅटिन ‘रुप्तुस’ हे रूप डोळ्यांपुढे ठेवून मागाहून घातला. ह्या विषयावरील इंग्लंडमधील पहिला कायदा १५४२ सालचा, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीतला. त्याची भाषा पाहिली तर दिवाळखोर हा दुर्दैवी नसून अपराधी आहे असेच गृहीत धरलेले दिसते.

मराठीने ह्या प्रसंगी मोडण्याची कल्पना घेतली नाही. मोल्सवर्थने आपल्या कोशात ‘दिवाळे’ ह्या शब्दाखाली असे स्पष्टीकरण दिले आहे की, देणे भागविण्यास असमर्थ झालेला व्यापारी आपल्या घरात किंवा दुकानात मोठा दिवा लावून ठेवीत असे, त्यावरून हा शब्द पडला. इंग्रजांची पेढी मोडते, आपली बुडते. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव उतरले आणि मुंबईतील शेअरांचा बाजार कोसळला, तेव्हा ज्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर सुमारे पन्नास हजारांवर गेला होता तीही त्या लाटेत गेली, आणि खुद्द बँक ऑफ बॉम्बेही पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. त्या काळाची हकीगत इंग्रजीत वाचली तर तीत मोडतोडीचे शब्द भेटतात. मराठीत सांगितली तर पाण्याचे.

इंग्रजीतील थकव्याच्या शब्दांचा सर्वांत जुना आणि समृद्ध साठा मात्र घोड्याच्या तबेल्यातून आलेला आहे. ज्या समाजात नांगर, गाडी, टपाल आणि युद्ध ही सर्व घोड्याच्या बळावर चालत, तेथे बळ सरणे म्हणजे काय हे घोड्याइतके स्पष्ट दुसरे कोण दाखविणार ? ‘फाउंडर’ हे क्रियापद घ्या. ते लॅटिन ‘फुंदुस’ म्हणजे तळ ह्यापासून फ्रेंचमार्गे आले. चॉसरच्या ‘नाइट्स टेल’मध्ये आर्साइटचा घोडा दचकून उडी घेताना कोसळतो, तेथे हाच शब्द आहे. जहाज तळाला जाते त्यालाही हाच शब्द लागतो. ‘जेड’ म्हणजे निकामी झालेले तट्टू; हाही शब्द चॉसरमध्ये आढळतो. त्यावरून १६ व्या शतकाच्या अखेरीस ‘जेडेड’, म्हणजे अतिश्रमाने किंवा अतिभोगाने बोथटलेला, हे विशेषण माणसाकडे आले. हिरव्या ‘जेड’ दगडाशी त्याचा काही संबंध नाही. तो स्पॅनिशमधून आलेला निराळाच शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ कुशीच्या दुखण्यावर गुणकारी असा दगड एवढाच. ‘हॅकनी’ हा भाड्याने देण्याचा साधा घोडा. कोणीही यावे आणि त्याला पिटाळावे. म्हणून वापरून वापरून झिजलेल्या वाक्प्रचारास ‘हॅकनीड’ म्हणू लागले, आणि पैशासाठी पाने भरणाऱ्या लेखकास ‘हॅक’. ‘नॅकर’ म्हणजे म्हातारी घोडी कातड्यासाठी व मांसासाठी विकत घेणारा इसम. आजचा इंग्रज दिवसाच्या शेवटी आपण ‘नॅकर्ड’ झालो असे सहज म्हणतो. आपण आपल्याला कोणाच्या हवाली करीत आहोत ह्याचा त्याला पत्ताही नसतो.

ह्या अश्वशब्दांत एक सूक्ष्म गोष्ट आहे. ह्यांतील प्रत्येक शब्दाच्या पाठीमागे धनी आहे. घोडा स्वतःहून थकत नाही. त्याला थकविले जाते, भाड्याने दिले जाते, शेवटी विकले जाते. घोड्याला माणसाळविण्याच्या क्रियेलाही इंग्रजीत ‘ब्रेक’च म्हणतात, हे ह्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. आधी त्याला मोडावयाचा तो कामास लावण्यासाठी. मग कामाने तो मोडतो. ॲना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही १८७७ सालची कादंबरी लंडनच्या भाड्याच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांचे हाल वर्णन करते. इंग्रज वाचकांनी ती घोड्यांची म्हणूनच वाचली. परंतु तिच्यातील शब्दकळा त्या काळी गाडीवानांनाही तंतोतंत लागू होती.

लॅटिनमधून आलेल्या शब्दांचा स्वभाव निराळा. ते विद्वानांचे, वैद्यांचे, धर्माधिकाऱ्यांचे शब्द होत. ‘डिलॅपिडेशन’मध्ये ‘लापिस’ म्हणजे दगड आहे. इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यात धर्मोपदेशकाने आपल्या वृत्तीतील इमारती मोडकळीस येऊ दिल्या तर त्या दोषाला हे नाव होते, आणि त्यासाठी १८७१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘कोलॅप्स’चे मूळ ‘लाबी’, म्हणजे घसरणे. विम्याची पॉलिसी ‘लॅप्स’ होते ती ह्याच धातूमुळे. ‘को’ हा उपसर्ग लागून ‘एकत्र घसरणे’, म्हणजे पोकळ वस्तूच्या बाजू आत येऊन एकमेकींस टेकणे, असा अर्थ सिद्ध होतो. डॉ. जॉन्सनने १७५५ च्या कोशात ‘कोलॅप्स’चा अर्थ जवळजवळ ह्याच शब्दांत दिला आहे. भिंत पडणे किंवा राज्य पडणे हा त्याचा मूळचा विषयच नव्हे. हा शरीरशास्त्राचा, रिकाम्या झालेल्या नलिकांचा शब्द आहे.

त्याला व्यापक प्रचार मिळवून देण्यात आपल्या देशातून गेलेल्या एका रोगाचा हातभार लागला असावा असे मला वाटते. १८१७ मध्ये बंगालमध्ये उसळलेली पटकीची साथ १८१८ मध्ये मुंबईस पोचली आणि पुढच्या लाटेत, १८३१ साली, इंग्लंडच्या संडरलंड बंदरात उतरली. शरीरातील पाणी निघून जाऊन डोळे खोल जातात, गाल बसतात, कातडी सुरकुतते, नाडी लागेनाशी होते. ह्या अवस्थेला त्या काळचे इंग्रज वैद्य ‘स्टेज ऑफ कोलॅप्स’ म्हणत. शब्दाच्या मूळ अर्थाशी इतका प्रामाणिक प्रयोग क्वचितच सापडेल. माणूस येथे अक्षरशः आतून रिता होऊन मिटतो. १९ व्या शतकाच्या मध्यापासून मग पेढ्या, मंत्रिमंडळे आणि साम्राज्ये हीही ‘कोलॅप्स’ होऊ लागली, आणि शब्दातील रितेपणाची कल्पना पुसट होऊन केवळ पडण्याची राहिली.

ह्याच संदर्भात एक अवांतर गोष्ट. झिजविणाऱ्या रोगाला इंग्रजीत ‘कन्झम्प्शन’ म्हणत, म्हणजे खाऊन टाकणारा. पण त्याचे शास्त्रीय नाव ‘थायसिस’ असे होते. हा ग्रीक शब्द ज्या धातूपासून आला तो आणि आपला ‘क्षि’ धातू हे एकच आहेत. तेव्हा इंग्रज वैद्य ‘थायसिस’ म्हणे आणि आपला वैद्य ‘क्षय’ म्हणे, ते दोघे नकळत एकच शब्द उच्चारीत होते.

‘एक्झॉस्ट’ हा शब्द आणखी अर्थपूर्ण आहे. लॅटिन ‘हाउरीरे’ म्हणजे पाणी शेंदणे. ‘एक्स’ उपसर्गाने ‘शेंदून संपविणे’. १६ व्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा द्रव काढून घेणे हाच त्याचा अर्थ होता. १६४७ मध्ये ग्रेग्वार द सँ-व्हँसाँ ह्याने भूमितीतील एका प्राचीन ग्रीक रीतीस ‘एक्झॉशन’ हे नाव दिले; वर्तुळात अधिकाधिक बाजूंच्या आकृती बसवून उरलेली जागा संपवीत आणावयाची अशी ती रीत. रॉबर्ट बॉइलच्या वायुपंपाने काचपात्रातील हवा काढली, की ते पात्र ‘एक्झॉस्टेड’ म्हणावयाचे. जमिनीचा कस गेला की तीही ‘एक्झॉस्टेड’. माणसाचे बळ ह्याच शतकात त्या यादीत दाखल झाले, आणि १७८० मध्ये एडिंबरोच्या जॉन ब्राउनने तर ह्या कल्पनेवर सगळे वैद्यकच उभारले. त्याच्या मते प्रत्येक प्राण्यास उत्तेजनक्षमतेचा ठरावीक साठा मिळतो. अतिउत्तेजनाने तो संपला की दौर्बल्य येते. वैद्यक म्हणून ते टिकले नाही. पण माणूस म्हणजे मोजका साठा असलेले भांडे ही प्रतिमा टिकली, आणि पुढील दीड शतक ती निरनिराळी वेषांतरे करीत राहिली.

व्याकरणदृष्ट्या येथे एक भेद आहे. इंग्रजीतील ‘टायर’ हा जुना शब्द अकर्मकही चालतो. ‘एक्झॉस्ट’ मुळात सकर्मक आहे. विहीर स्वतःला उपसत नाही, कोणीतरी रहाट चालवितो. ‘एक्झॉस्टेड’ ह्या कर्मणी रूपात तो उपसणारा अनुक्त असतो, पण असतो. मराठीत ‘मी थकलो’ म्हणताना असा कोणी कर्ता पडद्याआड उभा नसतो.

वाफेचे यंत्र आले आणि घोड्याची जागा हळूहळू त्याने घेतली. जेम्स वॉटने आपल्या यंत्राचे बळ गिऱ्हाइकांस कळावे म्हणून ते घोड्यांच्या मापात सांगितले. मिनिटास ३३,००० फूट-पौंड म्हणजे एक अश्वशक्ती. ह्या मापनात घोडा आणि यंत्र ह्यांची सांगड पडली, आणि थकव्याच्या भाषेचीही. ‘ब्रेकडाउन’ हे नाम १८३० नंतर प्रचारात आलेले दिसते. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली होती. रस्त्यात अडकलेली गाडी ओढून आणणारी ‘ब्रेकडाउन’ गाडी आणि यारी ही रेल्वेच्या नित्य सरंजामात आली. अमेरिकेत ह्याच सुमारास एका धांगडधिंग्याच्या नाचालाही ‘ब्रेकडाउन’ म्हणत. तो अर्थ इंग्रजीच्या मुख्य प्रवाहात फारसा उतरला नाही. विसाव्या शतकात हिशेबनिसांनी आकड्यांच्या पोटविभागणीस हाच शब्द लावला, तोही येथे सोडून देऊ.

‘फटीग’चा प्रवास उलट दिशेने झाला आणि म्हणून तो विशेष लक्षणीय आहे. हा शब्द फ्रेंचमधून आला तो माणसाच्या शिणवट्यासाठी, आणि सैन्यात हमालीच्या कामासाठी. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डब्यांना आग लागून किमान ५५ माणसे दगावली. दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल हाही त्यांत होता. वरून धडधाकट दिसणारे लोखंड वारंवार बसणाऱ्या, पण एकेकटा क्षुल्लक असणाऱ्या ताणाने तुटावे, हे त्या काळच्या अभियंत्यांना गूढ वाटले. रँकिनने १८४३ मध्ये अशा आसांच्या भंगाचे विवेचन केले. फ्रान्समध्ये पाँस्लेने ह्याआधीच धातूच्या संदर्भात ‘फातीग’ शब्द योजला होता. १८५४ मध्ये ब्रेथवेटने लंडनच्या अभियंत्यांपुढे वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकातच तो आला. थकलेल्या माणसावरून थकलेले लोखंड ! पुढे जर्मनीत व्होलरने आसांवर पद्धतशीर प्रयोग करून ह्या रूपकास शास्त्र बनविले. १९५४ मध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन विमाने, एक जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि दुसरे एप्रिलमध्ये नेपल्सजवळ, आकाशातच फुटली. पाण्याच्या टाकीत सांगाड्यावर दाब देऊन पाहिल्यावर कारण निघाले ते धातूचा थकवा. तेव्हापासून ‘मेटल फटीग’ हा शब्द वर्तमानपत्रांतून सामान्य वाचकापर्यंत गेला.

लोखंड थकते असे एकदा ठरल्यावर माणसाचा थकवा लोखंडासारखा मोजावा ही बुद्धी होणे स्वाभाविक होते. ट्यूरिनच्या अँजेलो मॉस्सोने बोटाला वजन बांधून ते पुनःपुन्हा उचलावयास लावणारे ‘एर्गोग्राफ’ हे यंत्र केले आणि १८९१ मध्ये ‘ला फातिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्द माणसाकडून यंत्राकडे गेला आणि यंत्राची मापे घेऊन माणसाकडे परतला.

अमेरिकेत जॉर्ज मिलर बिअर्ड ह्या वैद्याने १८६९ मध्ये ‘न्यूरास्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, हे निदान पुढे मांडले. त्याच्या १८८१ च्या ‘अमेरिकन नर्व्हसनेस’ ह्या ग्रंथात मागील सर्व प्रतिमा एका ठिकाणी आल्या आहेत. मज्जाशक्तीची ठेव मोजकी. ती जास्त काढली की मज्जासंस्थेचे दिवाळे निघते. एडिसनच्या विद्युत्प्रवाहावर दिवे वाढवीत गेले तर एका क्षणी सर्वच मंदावतात, तसे आधुनिक माणसाचे होते. कारणे म्हणून तो वाफेची शक्ती, नियतकालिके, तारायंत्र, शास्त्रे आणि स्त्रियांचा बौद्धिक व्यवसाय ही सांगतो. बिअर्डचा ग्रंथ आज वाचताना त्याची कल्पकता नव्हे, तर त्याने कोणास वगळले हे डोळ्यांत भरते. हा रोग त्याच्या मते बुद्धिजीवी, सुसंस्कृत वर्गाचा. हाताने काम करणाऱ्यास थकण्याची मुभा होती, ‘न्यूरास्थेनिया’ची नव्हती. वेअर मिचेलने ह्यावर विश्रांतीचा उपचार काढला : आठवडेच्या आठवडे बिछान्यावर, भरपूर दूध, वाचन-लेखन बंद. शार्लट पर्किन्स गिलमन हिने स्वतः तो उपचार भोगून १८९२ मध्ये ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा लिहिली. तीतील स्त्री विश्रांतीनेच भ्रमिष्ट होते.

हीच वर्षे मुंबईच्या गिरण्यांची. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने गिरणी-कामगारांच्या सभा झाल्या आणि रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम अशा मागण्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुटी मिळावयास १८९० साल उजाडले. न्यूयॉर्कच्या दलालासाठी एक संबंध वैद्यकीय परिभाषा तयार होत असताना परळच्या जॉबरपुढे उभ्या असलेल्या कामगाराच्या थकव्याला कोणत्याही शास्त्रात नाव नव्हते. त्याने मागितलेला अर्धा तास ह्याला इंग्रजीत काय म्हणतात ? ‘ब्रेक’च. ज्या शब्दाने मोडणे सांगितले जाते त्यानेच मोडू नये म्हणून घेतलेली उसंतही सांगितली जाते.

आता दोन शब्दांच्या परस्परविरुद्ध प्रवासाकडे वळावयाचे आहे. सैन्याचा इतिहास त्याखेरीज नीट समजत नाही. ‘फेंट’ म्हणजे आज शुद्ध हरपणे किंवा क्षीण. पण मुळात हे फ्रेंच ‘फँद्र’, म्हणजे सोंग करणे, ह्या क्रियापदाचे कृदंत आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ खोटा, कामचुकार, भेकड असा होता. तेथून दुर्बल आणि मग मूर्च्छित. ‘मॅलिंगर’ ह्याच्या बरोबर उलट. फ्रेंच ‘मालँग्र’ म्हणजे खरोखरच आजारी, खुरटलेला. इंग्रजी सैन्यात तो शब्द शिरला तो ग्रोसच्या १७८५ च्या ग्राम्य शब्दांच्या कोशात दिसतो, आणि तेथे त्याचा अर्थ आजाराचे ढोंग करून काम टाळणारा शिपाई. ढोंगी होता तो शब्द आजारी झाला; आजारी होता तो ढोंगी ठरला. थकलेल्या माणसापुढे उभे राहून समाज प्रथम जो प्रश्न विचारतो, तो असा शब्दांच्या पोटातच जाऊन बसला आहे. ‘फेल’ ह्या शब्दाच्या मुळाशीही लॅटिन ‘फाल्लेरे’, म्हणजे फसविणे, हेच आहे.

फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स ह्याने ‘लॅन्सेट’मध्ये तीन सैनिकांची हकीगत प्रसिद्ध करताना ‘शेल शॉक’ हा शब्द योजला. शब्द त्याने स्वतः घडविला नव्हता. तो सैनिकांच्या तोंडी होताच. त्याचे बळ कशात होते ? ‘शेल’ म्हणजे तोफेचा गोळा. कारण बाहेरचे, शत्रूचे, मोजता येण्यासारखे. आत काही दुबळे आहे असा आरोप त्यात नाही. म्हणून सैनिकांनी तो घट्ट धरला आणि म्हणूनच सेनाधिकाऱ्यांस तो नकोसा झाला. अधिकाऱ्यास बहुधा ‘न्यूरास्थेनिया’ मिळे आणि साध्या शिपायास ‘हिस्टेरिया’, हा वर्गभेद तर होताच. १९१७ मध्ये ‘शेल शॉक’च्या वापरावर बंधन येऊन ‘अद्याप निदान न झालेला, मज्जाविषयक’ अशा अर्थाची चार आद्याक्षरे रुग्णाच्या कागदावर लिहावीत असा हुकूम निघाला, आणि १९२२ च्या चौकशी समितीने तो शब्द टाकूनच द्यावा अशी शिफारस केली. खुद्द मायर्सलाही त्याचा पुढे पश्चात्ताप झाला.

हॅरी फार हा शिपाई १९१५ मध्ये शेल शॉकसाठी पाच महिने रुग्णालयात होता. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने पुढे जाण्यास नकार दिला. लष्करी न्यायासनापुढे त्याच्यावर भेकडपणाचा आरोप सिद्ध झाला, आणि ऑक्टोबरात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. एकाच माणसाच्या कागदपत्रांत दीड वर्षाच्या आत दोन शब्द आले. पहिल्याने त्याला खाट मिळाली, दुसऱ्याने खांब. त्याच्यासह ३०६ जणांना ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने २००६ साली क्षमा देण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात हा धडा काही प्रमाणात घेतला गेला. १९४३ मध्ये ट्युनिशियाच्या रणभूमीवर अमेरिकन सेनापती ब्रॅडली ह्याने अशा सर्व सैनिकांचे प्रथम निदान ‘एक्झॉशन’ असेच लिहावे असा आदेश काढला. शब्दाची निवड हेतुपूर्वक होती. थकणे कोणालाही शक्य आहे, आणि थकलेला विश्रांतीने बरा होतो. त्याच वेळी ब्रिटिश विमानदलात मात्र उड्डाणास नकार देणाऱ्यांसाठी ‘नैतिक धाग्याचा अभाव’ अशा अर्थाचा शेरा प्रचारात होता. अश्वशब्द आणि यंत्रशब्द ह्यांतून सुटलेला माणूस येथे कापडाच्या भाषेत सापडला.

‘स्ट्रेस’ ह्या आज सर्वतोमुखी असलेल्या शब्दाची कथाही अशीच यंत्रशाळेतून आलेली. पदार्थावर पडणारा भार आणि त्यामुळे पदार्थात होणारा बदल ह्यांस अनुक्रमे ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ अशी निश्चित नावे रँकिननेच १८५० नंतर दिली. हान्स सेल्ये ह्या व्हिएन्नात जन्मलेल्या आणि माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांवरून शरीराच्या प्रतिक्रियेच्या तीन अवस्था सांगितल्या : इशारा, प्रतिकार आणि ‘एक्झॉशन’. पुढे ह्या प्रतिक्रियेस त्याने ‘स्ट्रेस’ म्हटले. इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हती. आपले इंग्रजी चांगले असते तर आपण ‘स्ट्रेन’ म्हटले असते, असे त्याने पुढे सांगितले आहे. भार आणि भाराने आलेली वाकण ह्यांतील भेद ह्यामुळे पुसला गेला. कामाचा बोजा कमी करावयाचा की माणसाची वाकण सरळ करावयाची, हा वाद त्या एका शब्दात आजही गुंतलेला आहे.

‘बर्नआउट’ हा ह्या मालिकेतील अलीकडचा शब्द. ग्रॅहम ग्रीनच्या काँगोतील कुष्ठधामावरील कादंबरीत ‘बर्न्ट-आउट केस’ म्हणजे रोगाने करावयाची ती हानी करून झाल्यावर जो शमला आहे असा रुग्ण. अग्निबाणाचे इंधन संपते त्या क्षणासही ‘बर्नआउट’ म्हणतात. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या सेवकांच्या अवस्थेस हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याची नोंद आहे. मात्र रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी संबंधित घटित म्हणून. दोष ज्वालेत की वातीत, हा प्रश्न त्या वर्गीकरणाने पहिल्या बाजूस झुकविला आहे, आणि तो झुकाव मला योग्य वाटतो.

शेवटी ‘भञ्ज्’. त्याचे कृदंत ‘भग्न’, प्राकृतात ‘भग्ग’. ह्यापासून गुजरातीत मोडणे ह्या अर्थाचे क्रियापद आले, हिंदीत रणातून मोड होऊन पळणे ह्या अर्थाचे, आणि मराठीत ‘भागणे’, म्हणजे दमणे. ‘भागलाभागला’ आलेला वाटसरू हा व्युत्पत्तीने मोडलेलाच आहे. पण मराठी बोलणाऱ्याला ती मोडतोड ऐकू येत नाही, कारण मराठीने तिच्याजवळ ‘विसावा’ ठेवला, जो ‘विश्राम’चाच तद्भव. ‘थकणे’ आपण माणसासाठी वापरतो आणि न आलेल्या पैशासाठीही. हप्ता थकतो, पगार थकतो. ‘खचणे’ जमिनीसाठी आणि मनासाठी. ‘ब्रेकडाउन’ हा इंग्रजी शब्द मात्र आपल्याकडे एस. टी.च्या गाडीबरोबर आणि विजेबरोबर खेडोपाडी पोचला आहे. वाटेत बंद पडलेल्या बसमधून उतरलेली म्हातारी तो बिनचूक उच्चारते; पण मुलगा गेल्याने अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याविषयी विचारले तर तो खचला, असेच ती सांगते.